कॅडीशिवाय डोंगरउतारावर: जर्मनीतल्या गावाकडच्या गोल्फ कोर्सवरचा पहिला राउंड

पुण्यात येरवड्याला किंवा मुंबईत चेंबूरला गोल्फ शिकलेला माणूस जर्मनीत खेळायला गेला की पहिल्या टीवरच (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) त्याला एक उणीव जाणवते. बॅग उचलायला कोणी नसतं. आपल्याकडे कॅडी बॅग तर उचलतोच, शिवाय अंतर सांगतो, हातात क्लब (मारायची काठी) देतो, बॉल कोणत्या झाडामागे गेला ते बघून ठेवतो, बंकर (वाळूचा खड्डा) सारखा करतो आणि पुट (भोकाकडे जमिनीवरून ढकललेला बॉल) डावीकडे वळणार की उजवीकडे तेही कुजबुजतो. जर्मनीतल्या साध्या क्लबात ही सगळी कामं तुमची. सपाट कोर्सवर हे निभावतं, डोंगराळ कोर्सवर मात्र स्कोअर तिथेच बिघडतो. म्हणून या लेखात स्विंगबद्दल फारसं काही नाही. आपणच आपला कॅडी कसं व्हायचं, एवढंच आहे.

एके काळी इथेही कॅडी होते. आउग्सबुर्गजवळच्या आनहाउझेन गावात १९५७ साली जन्मलेला बेर्नहार्ड लांगर लहानपणी बुर्गवाल्डनच्या कोर्सवर कॅडीचं काम करायचा. पुढे त्याने १९८५ आणि १९९३ मध्ये मास्टर्स ही गोल्फमधली मोठी स्पर्धा जिंकली. आज देशात सातशेहून अधिक कोर्स आहेत आणि त्यांतले कितीतरी ब्लॅक फॉरेस्ट, श्वेबिश आल्ब, ओडेनवाल्ड, आयफेल, झाउअरलांड अशा डोंगराळ भागांत, छोट्या गावांच्या वेशीवर आहेत. झाडांच्या रांगा, कापलेलं गवत, एखाददुसरं तळं आणि चढउतार, असा हा पार्कलँड प्रकार. मुंबईचं १९६८ पासूनचं भगिनी शहर असलेल्या स्टुटगार्टमध्ये राहत असाल, तर आल्बच्या पायथ्याचे असे कोर्स गाडीने तासाभराच्या आत सापडतात.

आधी परवानगीचं बघा

जर्मनीत पैसे भरले की खेळायला मिळतं असं नाही. कोर्सवर उतरायची पात्रता दाखवावी लागते. नवशिक्यांसाठी त्याला प्लाट्झरायफं म्हणतात: दोन-तीन दिवसांचा किंवा काही आठवड्यांत विभागलेला प्रशिक्षणवर्ग, नियमांची लेखी परीक्षा आणि काही होल प्रत्यक्ष खेळून दाखवणं. भारतात क्लबचं सदस्यत्व आणि हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) असेल तर वेगळी परीक्षा सहसा लागत नाही, पण क्लबचं कार्ड आणि इंडेक्सचा ताजा पुरावा फोनवर ठेवा आणि बुकिंगच्या वेळीच ईमेलने विचारून घ्या. काही क्लब वीकेंडला ३६ किंवा ४५ च्या वरचा इंडेक्स घेत नाहीत, काहींना ५४ सुद्धा चालतो.

जर्मनीत राहत असाल आणि कुठल्याच क्लबात अडकायचं नसेल, तर क्लबविना खेळणाऱ्यांची फाउत्सेगे (VcG) ही संघटना १९९३ पासून आहे. तिचं कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, फक्त काही क्लब अशा कार्डावर जास्त ग्रीनफी (खेळायचं शुल्क) लावतात. मनात कटुता ठेवू नका. त्या क्लबाच्या डोंगरावरचं गवत सदस्यांच्या वर्गणीवर कापलं जातं.

आणखी एक कागद: हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. जर्मनीत राहणाऱ्या बहुतेकांकडे तो असतो. त्यात गोल्फ धरलाय का ते एकदा तपासा. उतारावरून घसरत गेलेला बॉल पार्किंगमधल्या गाडीची काच शोधून काढतो.

दिवस आणि वेळ

हंगाम ढोबळमानाने एप्रिल ते ऑक्टोबर. डोंगरात बर्फ उशिरा वितळतो, म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यावर भरवसा ठेवू नका. मे, जून आणि सप्टेंबर सर्वांत चांगले. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी चारनंतरची सवलतीची ग्रीनफी घेऊन अठरा होल आरामात होतात. माझ्या मते जर्मनीत गोल्फ खेळायची हीच खरी वेळ: ऊन उतरलेलं, कोर्स रिकामा, मागून कोणी घाई करत नाही. दरांचं म्हणाल तर गावाकडच्या क्लबात अठरा होलला साधारण ५० ते १०० युरो, वीकेंडला वरच्या टोकाला.

बुकिंग बहुतेक ठिकाणी क्लबच्या संकेतस्थळावरूनच होतं. वेळ घेण्याआधी त्या दिवसाचा कोर्सचा तक्ता उघडून बघा. मंगळवार-बुधवारच्या दुपारी हेरेननाखमिटाग किंवा डामेननाखमिटाग, म्हणजे पुरुषांची किंवा बायकांची क्लब स्पर्धा असते आणि पहिली टी तीन-चार तास अडकलेली असते. ग्रीनवर (भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर) भोकं पाडून वाळू भरण्याचं कामही वर्षातून एक-दोनदा निघतं. तो आठवडा टाळा, पुटिंगचा पार विचका होतो.

कोर्स निवडताना लांबीपेक्षा उंचीतला फरक महत्त्वाचा. बाडेन-बाडेनचा १९०१ सालचा क्लब याचं चांगलं उदाहरण आहे. फ्रेमर्सबेर्गच्या उतारावरचा हा कोर्स जेमतेम पार ६४ चा (चांगल्या खेळाडूला एकूण ६४ फटके अपेक्षित) आहे. आकडा बघून कोणी त्याला हलक्यात घेतलं, तर चढ त्याचं उत्तर देतात. बर्लिन ऑलिंपिकनंतर ऑगस्ट १९३६ मध्ये इथेच राष्ट्रांची एक स्पर्धा भरली होती. यजमानांनी जिंकायची जय्यत तयारी ठेवली होती, पण इंग्लंडचे टॉमी थर्स्क आणि आर्नल्ड बेंटली हे दोन हौशी खेळाडू बाजी मारून गेले. बक्षीस द्यायला निघालेला हिटलर ही बातमी ऐकून वाटेतूनच परत फिरला, अशी आख्यायिका आहे. बक्षिसाचं, अंबर खडे जडवलेलं तबक आज साउथपोर्टच्या हेस्केथ क्लबाकडे आहे.

बॅग हलकी करा

नियम चौदा क्लबची परवानगी देतात, सक्ती करत नाहीत. डोंगराळ कोर्सवर पहिल्या खेपेला दहा-अकरा पुरे. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) घरी ठेवला तरी चालेल. तीन नंबर वूड किंवा हायब्रिड अशा कोर्सवर जास्त शहाणपणाचा ठरतो. ट्रॉली ढकलायची असेल तर ब्रेक असलेलीच घ्या. बिनब्रेकची ट्रॉली आडव्या उतारावर उभी केली की स्वतःच्या मनाने दरीकडे निघते. इलेक्ट्रिक ट्रॉली भाड्याने मिळत असेल तर ते पैसे वसूल होतात. कार्टबद्दल मात्र आधी फोन करा. चिकणमातीच्या डोंगरात पावसानंतर कार्ट बंद ठेवतात. आल्बचा चुनखडक मात्र पाणी पटकन गिळतो, तिथे दुसऱ्या दिवशी कोरडं असतं. कार्ट उतारावर आडवी चालवू नका, सरळ चढवा किंवा सरळ उतरवा.

बाकी सामान: पाण्याची मोठी बाटली, पावसाचं जाकीट (आकाश निळं असलं तरी), सॉफ्ट स्पाइकचे बूट, पिचमार्क (बॉल पडून ग्रीनवर झालेला खळगा) दुरुस्त करायचा काटा, कमीत कमी डझनभर बॉल, आणि खाणं. सर्व क्लबांत नवव्या होलनंतर खानपानाची सोय असतेच असं नाही, आणि रविवारी गावातली दुकानं बंद असतात. चिवड्याचा डबा चालतो, फक्त ग्रीनवर सांडू नका. थोडी रोकड जवळ असू द्या, खेड्यातल्या क्लबात तुमचं क्रेडिट कार्ड चालेलच असं नाही.

पहिल्या टीआधी

पाऊण तास आधी पोचा. सेक्रेटारिआटमध्ये (क्लबच्या कार्यालयात) नाव सांगा, पैसे भरा, स्कोअरकार्ड घ्या, रेंजच्या (सरावाच्या मैदानाच्या) बॉल देणाऱ्या मशीनसाठी टोकन घ्या. तिथेच तीन प्रश्न विचारा: आज कार्ट चालते का, कोणते स्थानिक नियम लागू आहेत, आणि अंतराचे खांब ग्रीनच्या सुरुवातीपर्यंत मोजलेत की मध्यापर्यंत. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण खोल ग्रीनवर त्याने पंधरा मीटरचा फरक पडतो. कार्डावर ग्रून-आनफांग लिहिलं असेल तर सुरुवात, ग्रून-मिटं असेल तर मध्य.

आणि अंतर मीटरमध्ये असतं. भारतात यार्डांत विचार करायची सवय असते. १५० मीटरचा खांब म्हणजे १६४ यार्ड. तुमचा जो आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) १५० यार्ड जातो तो इथे १३७ मीटरचाच. घरून निघण्यापूर्वी प्रत्येक क्लबचं अंतर मीटरमध्ये लिहून कागद बॅगेत टाका. डोंगरात चढताना डोक्यात गुणाकार होत नाही.

हँडिकॅपचा हिशेबही इथेच करून टाका. जर्मनीने जागतिक हँडिकॅप पद्धत २०२१ मध्ये स्वीकारली. त्या कोर्सवर तुम्हाला मिळणारे जादा स्ट्रोक (फटके) असे काढतात: तुमचा इंडेक्स गुणिले कोर्सचा स्लोप (अवघडपणाचा आकडा, मध्यम कोर्सचा ११३) भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला अपेक्षित फटके) वजा पार. समजा इंडेक्स २८.४, स्लोप १३४, रेटिंग ७१.२, पार ७२. उत्तर ३३ च्या आसपास येतं. सपाट, मध्यम कोर्सवर हाच माणूस २८ वर खेळला असता. हे पाच जादा स्ट्रोक डोंगराने दिलेली सवलत आहे, संकोच न करता घ्या. तक्ता भिंतीवर लावलेला असतो, त्यामुळे गुणाकार चुकायची भीती नाही. राउंड हँडिकॅपसाठी धरायचा असेल तर खेळायला सुरुवात करण्याआधीच नोंद करावी लागते, नंतर चालत नाही.

टी निवडताना अहंकार बाजूला ठेवा. पुरुष सहसा पिवळ्यावरून आणि स्त्रिया लालवरून खेळतात, पण पुढच्या टीवरून खेळायला कोणी अडवत नाही.

चढ, उतार आणि आडवा उतार

इथून खरी कॅडीगिरी सुरू होते. अंतर मोजताना दोन आकडे हवेत: जमिनीवरचं अंतर आणि उंचीतला फरक. बॉल ज्या कोनात खाली येतो त्यावर हिशेब ठरतो. छोटे आयर्न आणि वेज (सर्वांत आखूड पल्ल्याचे क्लब) जवळजवळ ४५ अंशांत उतरतात, तिथे दर मीटर चढाला एक मीटर जास्त धरा. ग्रीन १४० मीटरवर आणि १५ मीटर उंच असेल तर १५५ चा क्लब काढा. वूड, हायब्रिड यांचा बॉल चपटा येतो, म्हणून चढावर ते मीटरमागे मीटरहून जास्त गमावतात. उलट खाली खेळताना तेवढंच कमी धरा. फक्त बॉल हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून वारा त्याला जास्त ओढतो. खोल दरीत खेळायच्या पार ३ वर झाडांचे शेंडे बघा, टीवर हवा पडलेली असली तरी वर वारा असतो. उंची दाखवणारा रेंजफाइंडर मैत्रीच्या राउंडला वापरा, स्पर्धेत त्यातला चढउताराचा हिशेब बंद ठेवावा लागतो.

थंडीचा हिशेब वेगळा. आठ-दहा अंशांत बॉल कमी जातो आणि जाकिटाच्या थरांमुळे खांदाही पूर्ण वळत नाही. एप्रिलच्या सकाळी सरसकट एक क्लब जास्त घ्या.

आता पायाखालची जमीन. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी सांगतो, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं. बॉल पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जातो. ग्रिप आखूड धरा आणि थोडं उजवीकडे नेम धरा. बॉल पायांपेक्षा खाली असेल तर तो उजवीकडे पळतो. गुडघे जास्त वाकवा, तसेच वाकलेले ठेवा, आणि जोर कमी करा. चार प्रकारांत हाच सर्वांत वाईट आहे. इथे ग्रीन गाठायचा हट्ट सोडून बॉल फक्त सपाटीवर आणला तरी तो चांगला शॉट. चढाला तोंड करून उभे असाल तर बॉल उंच आणि आखूड जातो, म्हणून मोठा क्लब. उताराला तोंड असेल तर तो खाली सुटतो आणि पडल्यावर खूप धावतो, म्हणून छोटा क्लब, आणि बॉल उचलायचा मोह अजिबात नको. दोन्ही वेळा खांदे उताराला समांतर ठेवा. रेंज सपाट असते, तिथे यातलं काहीच शिकता येत नाही. म्हणून प्रत्येक शॉटआधी त्याच उतारावर दोन सरावाचे स्विंग करा आणि क्लब गवताला कुठे लागतो ते बघा. बॉल तिथेच हवा.

आडव्या फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर) बॉल कुठे पडतो यापेक्षा कुठे थांबतो ते बघायचं. फेअरवे उजवीकडे झुकलेला असेल तर डाव्या रफच्या (लांब गवताच्या) कडेवर खेळा. उन्हाळ्यात जमीन कडक झाली की बॉल वीस-तीस मीटर सहज घरंगळतो, पावसानंतर जागच्या जागी रुततो.

शेवटचा मुद्दा दमाचा. क्लबहाउस अनेकदा उंचावर असतं, त्यामुळे नववा आणि अठरावा होल चढाचा येतो. चढून ग्रीनवर पोचल्या पोचल्या पुट करू नका. पार्टनरला आधी खेळू द्या, पाणी प्या, श्वास खाली बसू द्या. ट्रॉली चढावर सरळ न ढकलता नागमोडी न्या.

आंधळे होल, जंगल आणि रंगीत खुंट्या

डोंगरात काही शॉट न बघताच मारावे लागतात. पलीकडे लक्ष्य दाखवणारा उंच खांब असतो आणि बऱ्याच ठिकाणी एक घंटा. पुढचा गट लँडिंगच्या जागेतून निघाला की घंटा वाजवतो, तोवर थांबा. तुम्ही पुढे गेलात की तुम्हीही न विसरता वाजवा. शंका असेल तर एकाने टेकाडावर चढून बघावं. आणि बॉल कोणाच्या दिशेने गेला की पोटातून ‘फोर’ ओरडा, लाजू नका.

झाडीत गेलेल्या बॉलसाठी शोधायला तीन मिनिटं, २०१९ पूर्वी पाच होती. तीस मीटर खाली उतरून बॉल न सापडता परत टीवर चढायचं, हा दंड स्ट्रोकपेक्षा मोठा असतो. म्हणून जरा जरी शंका असली तरी निघण्यापूर्वी प्रोव्हिजनल बॉल (पहिला न सापडल्यास धरायचा पर्यायी बॉल) खेळा आणि तसं मोठ्याने सांगा. न सांगता मारलेला बॉल थेट खेळातला बॉल ठरतो. पहिला बॉल गेला त्या रेषेतलं एक विशिष्ट झाड हेरून ठेवा. हे काम आपल्याकडे कॅडी करतो आणि आपण त्याची किंमत कधी ओळखलेली नसते.

खुंट्यांचे रंग: पांढऱ्या म्हणजे कोर्सबाहेर, पिवळ्या आणि लाल म्हणजे पेनल्टी एरिया (तळं, ओढा अशा जागा, जिथून दंड घेऊन बाहेर येता येतं), निळ्या म्हणजे दुरुस्तीखालची जमीन, तिथून फुकट सुटका. हिरव्या डोक्याची खुंटी दिसली तर आत पाऊलही टाकायचं नाही. तो जपलेला अधिवास असतो आणि बॉल समोर दिसत असला तरी सोडायचा. निसर्गाबद्दल जर्मन क्लब फार काटेकोर असतात.

रानडुकरं हा इथला खास उपद्रव. अळ्या शोधत ती रात्रीतून फेअरवे नांगरून ठेवतात. त्यांच्यासाठी लावलेली विजेची तार दिवसा बंद असेल असं धरून चालू नका. ऑक्टोबरमध्ये बीचची पानं गळतात तेव्हा फेअरवेच्या मध्यावरचाही बॉल दिसेनासा होतो. काही क्लब त्यासाठी खास स्थानिक नियम ठेवतात. झाउअरलांडमध्ये मात्र २०१८ नंतरच्या दुष्काळाने आणि साल पोखरणाऱ्या किड्याने स्प्रूसची अख्खी जंगलं गेली. जुन्या फोटोत घनदाट दिसणाऱ्या होलशेजारी आज उघडा डोंगर असू शकतो आणि वारा आडवा येतो.

ग्रीन

भारतातल्या बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर गवताचा कल बघायची सवय असते. इथलं गवत थंड हवेचं आणि बारीक, त्यात कलाचा परिणाम कमी. उताराचा मात्र फार, आणि तो डोळ्यांना फसवतो. आजूबाजूची सगळीच जमीन तिरकी असली की तिरकं ग्रीन सपाट वाटतं. म्हणून ग्रीनवर पोचल्यावर बघू नका, पन्नास मीटर आधीपासून बघा: डोंगर कुठे, दरी कुठे, पाणी सोडलं तर कुठे वाहील. शंका आली तर पुट दरीकडे जास्त वळेल असंच धरा. अप्रोच (ग्रीनवर पोचवणारा फटका) खेळतानाही होलच्या खालच्या बाजूला बॉल राहील असा बेत करा. उताराकडचा दीड मीटरचा पुट चढाच्या तीन मीटरपेक्षा अवघड असतो.

वीज आणि गोचीड

दोन्हींची थट्टा नको. उन्हाळ्यातली वादळं दुपारनंतर डोंगरावर फार वेगाने चढतात. एक लांब भोंगा म्हणजे ताबडतोब थांबा, तीन छोटे पुन्हा पुन्हा म्हणजे खेळ स्थगित, दोन छोटे पुन्हा पुन्हा म्हणजे परत सुरू. भोंग्याची वाट बघायची गरज नाही. विजेचा धोका वाटला तर स्वतःहून थांबायचा हक्क नियमांनी दिलाय. एकट्या झाडाखाली आणि टेकाडाच्या माथ्यावर उभं राहू नका. वीजरोधक लावलेलं शेड कार्डावरच्या नकाशात कुठे आहे ते आधीच पाहून ठेवा. अपघात झाला तर ११२, आणि फोनवर होलचा नंबर सांगा.

रफमध्ये आणि झाडांच्या कडेला गोचिडी असतात. त्यांच्यापासून बोरेलिओसिस होऊ शकतो, आणि दक्षिण जर्मनीत मेंदूज्वराचा एक विषाणूही. विषाणूवर लस आहे, बोरेलिओसिसवर नाही. जर्मनीत राहणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून लस घ्यावी. पाहुण्यांनी लांब पँट घालावी, मोजे वर ओढावेत आणि रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत नीट बघावं. मे ते जुलै ओकच्या झाडांवर केसाळ अळ्यांच्या रांगा दिसल्या तर त्या झाडापासून लांब राहा, त्यांच्या केसांनी अंगावर पुरळ उठतं.

माणसांशी वागणं

भेटणारा प्रत्येक जण ‘शोनेस श्पील’ (खेळ छान होवो) म्हणेल. तुम्हीही म्हणा. कोर्सवर अनोळखी माणसंही पहिल्या नावाने बोलतात, बुजू नका. बंकर स्वतः सारखा करा, उडालेला गवताचा तुकडा जागेवर ठेवून पायाने दाबा, पिचमार्क दुरुस्त करा. आपलाच नव्हे, शेजारचा एखादा विसरलेलाही. ग्रीनकीपर (कोर्सची निगा राखणारा) मशीनवर काम करत असेल तर त्याचा हात वर होईपर्यंत मारू नका. गवत कापणारा रोबोट आडवा आला तर तो जाईपर्यंत थांबा. मागचा गट वेगाने येत असेल तर बाजूला होऊन पुढे सोडा. यात कमीपणा काही नाही, उलट चढावर तेवढाच विसावा मिळतो. अठरा होलना साडेचार तास अपेक्षित असतात, डोंगरात पाच झाले तरी चालतात, सहा नाही.

संपल्यावर टोप्या काढून हात मिळवायचा, कार्डं तपासून सह्या करायच्या आणि हवेच्या पाइपने बूट साफ करायचे. चिखलाचे बूट घालून रेस्टॉरंटमध्ये गेलेलं कोणालाच आवडत नाही. मग सोबत खेळलेल्यांबरोबर काहीतरी प्यायला बसायचं, ते टाळून निघून जाणं तुटक वाटतं. सफरचंदाचा रस आणि सोडा मिसळलेलं आपफेलशोर्लं घ्या. शाकाहारी असाल तर श्वाबियात (स्टुटगार्ट आणि आल्बच्या भागात) केजश्पेट्झलं मागा, चीज आणि परतलेल्या कांद्यातला ताज्या शेवयांचा हा प्रकार चढानंतर चांगलाच आधार देतो. स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते मात्र राउंडला निघतानाच विचारून ठेवा. आणि बसने आला असाल तर शेवटच्या बसची वेळही. रविवारी ती फार लवकर जाते.